एक सेंटिमीटरचा फरक

कोशकाकांच्या घरात माणसं दोन आणि शब्द पंचावन्न हजार. शब्द सगळे एका जाडजूड इंग्रजी-मराठी कोशात कोंबलेले होते आणि तो कोश काकांना शाळेत बक्षीस मिळाला होता. इंग्रजीत नव्हे, लांब उडीत. ही गोष्ट फक्त काकूंना ठाऊक होती आणि लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्यांनी ती उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नव्हती. बायका नवऱ्याचं काय काय झाकून ठेवतात त्याचा कोश अजून कुणी काढलेला नाही. काढला तर पंचावन्न हजारांत मावणार नाही.

तेव्हा गल्लीत इंग्रजी पत्र आलं की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघत आणि मग काकांकडे येत. काका विमा कचेरीत आवक-जावकला होते. दिवसभर ते पत्रांवर तारखेचे शिक्के मारत. आत काय लिहिलंय हे वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. पण जो शिक्का मारतो त्याला मजकूर कळत असणारच, असा गल्लीचा समज होता आणि काकांनी तो मोडला नव्हता. ते चष्मा पुसत, बोट जिभेला लावून पान उलटत आणि शब्दापुढचा पहिला अर्थ खणखणीत आवाजात वाचत. दुसरा, तिसरा अर्थ त्यांनी आयुष्यात वाचला नाही. "पहिला अर्थ घरचा," ते म्हणत, "बाकीचे पाहुणे. त्यांना किती विचारायचं?"

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "काही फरक पडत नाही." जेवणात मीठ नसलं तरी हेच, छत्री हरवली तरी हेच. घरात एक लाकडी स्टूल होतं, त्याचा एक पाय तोकडा होता. काकू वर्षभर सांगत होत्या, अहो, सुताराला दाखवा, डुगडुगतंय. काकांनी त्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि म्हणाले, "काही फरक पडत नाही." एक दिवस काकू त्या स्टुलावर चढून माळ्यावरची ट्रंक काढायला गेल्या. घडी सरकली, स्टूल कललं, ट्रंक आली आणि ट्रंकेखाली काकू. डावा पाय मोडला. त्या दिवशी मात्र काकांनी ते वाक्य वापरलं नाही.

दोन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. आता काकू म्हणजे घरात बसून जपमाळ ओढणारी बाई नव्हे. त्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, आणि "साऽवधान!" असं काही म्हणत की रस्त्यावरून चाललेले सायकलवालेसुद्धा ताठ होत. दर वर्षी बक्षीस समारंभाला दोनशे मुलींचं संचलन निघे आणि त्याच्या पुढे काकू. बावीस वर्षं. वाऱ्यावादळात, तापात, एकदा तर दाढ सुजलेली असताना. त्या दोनशे पावलांच्या आवाजासाठी त्या वर्षभर जगत म्हटलं तरी चालेल. यंदाचा समारंभ महिन्यावर आला होता.

प्लास्टर निघालं, फोटो काढला. रिपोर्ट घ्यायला गेले त्या दिवशी हाडांचे डॉक्टर परगावी गेलेले. कंपाउंडरने खिडकीतून पाकीट सरकवलं. "डॉक्टर महिन्याने. रिपोर्टात सगळं लिहिलंय," म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

पाकीट घरी फुटलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनी आणि समोरचे निवृत्त स्टेशनमास्तर हजर होते. हे दोघं कुठल्याही पाकिटाला हजर असत.

"डिस्क्रिपन्सी," काकांनी अडखळत वाचलं. "डिस्क्रिपन्सी, एक सेंटिमीटर, डावा." मग बोट जिभेला लागलं, पानं फडफडली, चष्मा नाकावर सरकला. "सापडला! फरक!"

"फरक आहे?" वहिनींनी टाळीच वाजवली. "अगंबाई! काकू, फरक आहे म्हणतायत डॉक्टर!"

आता हा शब्दच आपल्याकडे मोठा लबाड. दोन बहिणींच्या स्वभावात फरक असला तर नाकं मुरडतात, आणि तोच आजाऱ्याच्या उशाशी आला की देव पावल्यासारखा चेहरा करतात. "कसं काय?" "फरक आहे." बस, पुढे विचारायचं नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. स्टेशनमास्तरांनी काकांशी हस्तांदोलन केलं, जणू पाय काकांनीच जुळवला होता.

"पण एक सेंटिमीटर?" काकूंनी विचारलं. "बरं वाटणं पट्टीने मोजतात होय?"

"आता सगळं दशमान झालंय," स्टेशनमास्तर म्हणाले. "पूर्वी गुंजभर बरं वाटायचं. आता सेंटिमीटरभर."

"आणि पुढे लिहिलंय, हील रेझ," काका म्हणाले. याला त्यांना कोश लागला नाही. "हील म्हणजे टाच. रेझ म्हणजे उचलणे. टाच उचलायचा व्यायाम सांगितलाय."

"किती वेळा?"

"शंभर," काका म्हणाले. हा आकडा रिपोर्टात नव्हता. पण एवढ्या गंभीर कागदात आकडा नसावा हे त्यांना पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकू खिडकीचे गज धरून शंभर वेळा टाचा उचलू लागल्या. वहिनी वरून खाली येऊन मोजत आणि मध्येच आपल्या नणंदेचं काहीतरी सांगत. त्यात आकडा चुके. मग पुन्हा पहिल्यापासून. आठ दिवसांत काकूंच्या पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्या. पण चालताना काहीतरी चुकत होतं.

"अहो, मला डावीकडे कलल्यासारखं वाटतंय."

"तुला वाटतंय. डॉक्टरांनी फरक लिहिलाय. सहीनिशी."

"पाय माझा आहे ना?"

"पाय तुझा आहे, पण इंग्रजी त्यांची आहे," काका म्हणाले.

शाळेत त्या रुजू झाल्या त्याच दिवशी सराव ठेवला. काकूंनी शिट्टी फुंकली, समोरच्या ध्वजखांबावर नजर रोखली आणि पाऊल उचललं. मागे दोनशे मुली. एक-दोन, एक-दोन. काकूंच्या मते त्या बाणासारख्या सरळ चालल्या होत्या. पण ध्वजखांब हळूहळू उजवीकडे सरकू लागला. खांब असा कसा सरकतो म्हणून त्या नेटाने चालत राहिल्या, आणि कवायतीच्या बाई चालतायत तोवर थांबायचं नाही हे मुलींना बावीस वर्षं शिकवलेलं. सगळी शाळा मैदान सोडून डावीकडे वळली आणि मोठ्या बाईंच्या कुंड्यांत शिरली. पुढच्या दोन रांगा कुंड्यांवर, तिसरी रांग पहिल्या दोनवर. तरी चौथ्या रांगेतल्या मुली पाय आपटतच होत्या. शिस्त म्हणजे शिस्त.

व्हरांड्यात शिवणाच्या बाई उभ्या होत्या. "बाई," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "बेतताना कापड तिरकं धरलं ना, की पुढची शिवण अशीच जाते हो."

मोठ्या बाईंनी काकूंना खोलीत बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांच्या चौदा कुंड्या फुटल्या होत्या.

"पंधरा दिवस देते. मग मैदानावर चुन्याची रेघ मारू. रेघेवरून सरळ चालून दाखवलंत तर संचलन तुमचं. नाही तर यंदा शिवणाच्या बाई नेतील. आणि तुम्हाला ग्रंथालय देऊ. हलकं काम आहे. बसून करायचं."

बसून! कवायतीच्या बाईला बसून! फाशीची शिक्षा सांगणाऱ्यालासुद्धा इतका गोड शब्द सापडला नसता. काकू घरी आल्या आणि चूळ न भरता खुर्चीत बसल्या. मग आपण बसलोय हे लक्षात आलं आणि ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"घरातसुद्धा तसंच वाटतं हो," त्या म्हणाल्या. "सगळी जमीन उतरती असल्यासारखी."

काकांनी विचार केला. एकदा पायात फरक आहे हे कागदावर आलंय म्हटल्यावर दोष पायात असू शकत नाही. मग उरलं काय? पायाखालचं.

"जमीन!" ते ओरडले. "अगं, जमीनच उतरती आहे! सव्वीस वर्षं या जमिनीवर चालून तुला तिरकं चालायची सवय लागलीय. तीच तू शाळेत नेलीस."

त्यांनी फरशीवर एक गोटी सोडली. ती संथपणे खिडकीकडे निघाली. काकांनी काकूंकडे नवा शोध लागलेल्या शास्त्रज्ञाच्या ऐटीत पाहिलं. स्टेशनमास्तरांनीही दोनदा गोटी सोडून पाहिली. "रुळांत एवढा उतार असता तर मी गाडी सोडली नसती," ते गंभीरपणे म्हणाले. जगातल्या कुठल्याही जुन्या घरात गोटी सोडली तर ती कुठेतरी जातेच, हे त्या खोलीत कुणाला सुचलं नाही. काकूंना सुचलं होतं, पण तोवर काका गवंड्याला आणायला गेले होते.

गवंडी आला, पाणसळ लावली आणि मान हलवली. गवंडी मान हलवतो तेव्हा घर हलणार हे समजून चालावं. "अर्धा इंच पडलीय. खिडकीकडची बाजू उचलावी लागेल."

फरशी उचकटली. खिडकीकडची बाजू वर आली. वर आली ती जरा जास्तच आली, म्हणून दाराकडची बाजू तिच्या बरोबरीला आणली. मग दार उघडेना. काका आतून ओढत, गवंडी बाहेरून ढकले, आणि मध्ये दूधवाला हातात कासंडी घेऊन "घ्यायचंय की नाही" म्हणत उभा. शेवटी दार खालून कापलं. दार कापल्यावर उंबरा खाली राहिला, तो वर घेतला. उंबरा उंच झाल्यावर पायरी खोल गेली. मोडका पाय घेऊन बाईमाणूस एवढं कसं उतरणार, म्हणून गवंड्याने मायेने आणखी एक पायरी बांधली. ती गल्लीत हातभर पुढे आली. या सगळ्याला आठ दिवस लागले. आठ दिवस कपाट स्वयंपाकघरात, पलंग कपाटावर, आणि कोश मात्र पलंगावर, धूळ लागू नये म्हणून चादरीत गुंडाळून. काकू त्या चादरीवाचून झोपल्या.

"वहिनी, मी वेडी होईन," त्या म्हणाल्या. त्यांच्या केसांत सिमेंट होतं आणि शाळेची तारीख पाच दिवसांवर आली होती.

"अहो, पण किती करतायत काका तुमच्यासाठी!" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे खिळा मारायचा तर तीन वर्षं लागतात."

नव्या सपाट फरशीवर काकू पहिल्यांदा चालल्या. दारापासून निघाल्या आणि सपाटून डावीकडच्या भिंतीवर आदळल्या.

"सवय जायला वेळ लागतो," काका म्हणाले.

त्याच दुपारी नगरपालिकेच्या इमारत खात्याचं पाकीट आलं. इंग्रजीत. वहिनी आणि स्टेशनमास्तर आलेच. काकांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा असा काही खुलला की काकूंना धडकी भरली.

"डिस्क्रिपन्सी!" काका म्हणाले. "तोच शब्द! आपल्या घरात डिस्क्रिपन्सी आढळून आली आहे, म्हणतात. बघा, आठ दिवसांत नगरपालिकेच्या नजरेत भरलं!"

"म्हणजे घरात फरक पडलाय असं त्यांचं मत आहे?" स्टेशनमास्तरांनी विचारलं.

"मत नव्हे, लेखी आहे. आणि सात दिवसांत समक्ष येऊन सांगा म्हणतात. कौतुक करायचं असेल."

"अहो, नगरपालिकेने कुणाचं कौतुक केल्याचं ऐकलंय कधी?" काकू म्हणाल्या. पण काका इस्त्रीचा सदरा शोधत होते. तो कपाटात होता आणि कपाटाचं दार पलंगाने अडवलं होतं. काकूंनी सुट्टी टाकली आणि बरोबर गेल्या. नवऱ्याला एकट्याला कौतुकाला पाठवू नये, एवढं सव्वीस वर्षांत त्या शिकल्या होत्या.

खिडकी नंबर चार. आत एक कारकून, समोर फायलींची भिंत. काकूंना बाकावर जागा मिळाली, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"डिस्क्रिपन्सी आहे?" कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"आहे म्हणजे? चांगली घसघशीत आहे!"

आता कारकुनाने मान वर केली. या खिडकीशी आजवर माणसं रडली होती, भांडली होती, एकाला भोवळ आली होती. पण असं कुणी म्हटलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य काय, अभिमान आहे. अवघ्या आठ दिवसांत केली."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं कुणाला? घरचाच मामला. हिच्या पायासाठी केलं सगळं."

"पायासाठी?" कारकुनाने टाक उचलला. "म्हणजे पायालाही हात लावलाय?"

"हात लावलाय? अहो, मोडलाच होता तो!"

"पाया मोडला?" टाक झरझर चालू लागला. "कुठल्या बाजूचा?"

"डाव्या. दोन महिने प्लास्टर होतं. आता काढलं."

"प्लास्टरही काढलं," कारकून पुटपुटला. "आणि वरचा मजला कुणाकडे आहे?"

"वहिनींकडे. त्या रोज येऊन मोजतात."

कारकुनाच्या कपाळावर घाम आला. "त्यांना कल्पना आहे? पाया असा असताना त्या वर राहतात?"

"कल्पना? त्यांनीच टाळ्या वाजवल्या!"

"अहो, पाय! पाय!" काकू बाकावरून ओरडल्या. "माझा पाय म्हणतायत ते!" पण तेवढ्यात शेजारच्या खिडकीवर कुणाचं तरी भांडण पेटलं आणि त्यांचा आवाज त्यात बुडाला.

"लिहून द्या," कारकून म्हणाला.

काकांनी लिहून दिलं. इंग्रजीत, ठळक अक्षरात, मान तिरकी करून. घरात आढळलेली डिस्क्रिपन्सी ही सर्वस्वी माझ्या प्रयत्नांचं फळ असून, खात्याने तिची दखल घेतल्याबद्दल मी ऋणी आहे आणि यापुढे ती वाढवण्याचा प्रयत्न करीन. खाली सही. सहीखाली तारीख, कारण तारखेचं काम त्यांना येत होतं.

तो कागद आत गेला. दहा मिनिटांनी आतून एक मोठे साहेब स्वतः बाहेर आले. त्यांना बघायचं होतं. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डिस्क्रिपन्सी म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"फरक," काका म्हणाले. "सुधारणा."

"सुधारणा नव्हे हो! नकाशात एक आणि जागेवर एक. दोन गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात आणि जुळत नाहीत, त्याला म्हणतात डिस्क्रिपन्सी. तुमच्या नकाशात एक पायरी आहे आणि गल्लीत दोन आहेत!"

"कोशात तसं दिलेलं नाही," काका म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"मग कोश बदला. आणि पायरी पाडा. फरशी, उंबरा, दार, सगळं होतं तसं करा. तीन दिवसांत. आणि पाया बघायला इंजिनिअर पाठवतो."

खिडक्यांच्या मागचे कारकून हसत होते. रांगेतले लोक हसत होते. ज्यांच्या कागदांत स्वतःच्या डिस्क्रिपन्स्या होत्या तेही हसत होते. काका तो हुकूम हातात धरून उभे राहिले. सव्वीस वर्षांत काकूंनी त्यांना इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला होता आणि हसणाऱ्यांचा त्याहून जास्त. त्या उठल्या, काकांच्या दंडाला धरून त्यांना दाराकडे वळवलं आणि खिडकीकडे वळून आपल्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "शांऽत!" अख्खं इमारत खातं गप्प झालं.

पण जिना उतरताना त्यांच्या डोक्यात साहेबांचं वाक्य घुमत होतं. दोन गोष्टी जुळायला हव्यात आणि जुळत नाहीत. दोन गोष्टी. डावा, एक सेंटिमीटर.

शेवटच्या पायरीवर त्यांच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. फाटकाशी एक म्हातारा मोची बसला होता. काकूंनी दोन्ही चपला त्याच्यापुढे काढल्या. त्याने एक उलटी केली, दुसरी उलटी केली, आणि वर पाहिलं.

"बाई, या दोन चपला एका बाईच्या नाहीत."

"माझ्याच आहेत बाबा. महिनाही झाला नाही घेऊन."

"मग बाईच्या दोन पायांत तफावत आहे," मोची म्हणाला. "ही डावी बघा, टाच खाऊन टाकलीय. उजवी कोरी करकरीत. जरा सरळ उभ्या राहा बरं. हं. डावा खांदा खाली. मोडला होता का पाय?"

काकूंनी होकारार्थी मान हलवली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "फरक आहे असं."

"फरक कुठला?" म्हाताऱ्याने रापीने चामड्याचा एक तुकडा कापला, बोटाने जाडी पाहिली, पुन्हा थोडा तासला आणि डाव्या चपलेच्या टाचेखाली ठोकून बसवला. "ही तफावत. फरक आता पडेल. घाला."

काकूंनी चपला घातल्या आणि उभ्या राहिल्या. नगरपालिकेची इमारत, तिचं फाटक, समोरचा दिव्याचा खांब, सगळं एकदम हललं आणि जागच्या जागी बसलं. त्या चार पावलं चालल्या. खांब सरकला नाही. परत वळल्या आणि चार पावलं आल्या. मग काकांकडे न बघता त्या तशाच घरापर्यंत चालत गेल्या. मागून काका हुकूम घेऊन येत होते.

घरी आल्यावर त्यांनी पलंगावरचा कोश उतरवला, चादर सोडली आणि सव्वीस वर्षांत प्रथमच स्वतः पान उघडलं. डिस्क्रिपन्सी. पहिला अर्थ, फरक. त्याच्याच पुढे, स्वल्पविरामानंतर, दुसरा अर्थ दिला होता: तफावत. तिसरा, विसंगती, मेळ नसणे. मग त्यांनी दुसरा शब्द काढला. रेझ. पहिला अर्थ, उचलणे. दुसरा, उंची वाढवणे.

"टाच उचलणे नव्हे," त्या म्हणाल्या. "टाचेची उंची वाढवणे. शंभर टाचा उचलल्या मी रोज, गज धरून. आणि तुमचा तो शब्द दोन बोटांवर होता. एक स्वल्पविराम ओलांडायचा होता फक्त!"

काका फरशीवर बसले होते. त्यांच्या तोंडात ते नेहमीचं वाक्य आलं. काकूंना ते ओठांपर्यंत आलेलं दिसलं. पण ते बाहेर पडलं नाही. मग ते म्हणाले, "स्टुलाखालीसुद्धा मी घडीच घातली होती. मोच्यासारखं ठोकून बसवलं असतं तर..."

पुढचं काकूंनी बोलू दिलं नाही. "आधी ती पायरी पाडा," त्या म्हणाल्या. "इंजिनिअर येतोय."

शनिवारी मैदानावर चुन्याची रेघ मारली होती. व्हरांड्यात मोठ्या बाई, त्यांच्या नव्या कुंड्या, आणि शिवणाच्या बाई एक पांढरी शिट्टी गळ्यात घालून. आदल्या दिवशीच आणली असावी. काकूंच्या डाव्या बुटात मोच्याने बसवलेला तुकडा होता. त्यांनी खांबावर नजर रोखली आणि निघाल्या. मैदानाच्या टोकापर्यंत गेल्या, मागे वळल्या आणि परत आल्या. चुना फक्त त्यांच्या बुटांच्या तळाला लागला होता, रेघेच्या बाहेर एक कण नव्हता. मोठ्या बाईंनी हात जोडले. काकू शिवणाच्या बाईंपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "शिट्टी छान आहे हो. ग्रंथालयात मुलींना गप्प करायला उपयोगी पडेल." समारंभाला दोनशे मुली त्यांच्यामागून सरळ गेल्या. कुंपणाबाहेर काका उभे होते. त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण वहिनींच्या टाळ्या नगरपालिकेत अंगाशी आल्यापासून ते टाळ्यांना जरा बिचकत.

घर पूर्ववत झालं. म्हणजे फरशी पुन्हा खिडकीकडे उतरती, गोटी सोडली तर तिकडेच जाते. आणि त्यातून एक गंमत निघाली. घरात काकू अनवाणी. स्वयंपाकघरातून दाराकडे येताना उंच बाजू त्यांच्या डाव्या पायाखाली येते, जमिनीचा उतार आणि पायाची तफावत यांची फिटंफाट होते आणि काकू सरळ चालतात. पण परत जाताना दोन्ही एकाच बाजूला पडतात आणि त्या दुप्पट कलतात. चहा आणताना रुबाबात येतात आणि रिकामे कप नेताना बोटीत बसल्यासारख्या जातात.

काकांनी हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ते उठले, दोन्ही कप उचलले, स्वयंपाकघरात नेले आणि विसळून पालथे घातले. "येताना तू," ते म्हणाले, "जाताना मी." सव्वीस वर्षांत त्यांनी या घरात कप उचलला नव्हता. पुढच्या आठवड्यात स्टेशनमास्तर एक इंग्रजी पत्र घेऊन आले तर काकांनी शब्दाचे सगळेच्या सगळे अर्थ वाचून दाखवले, शेवटचा संपेपर्यंत. स्टेशनमास्तरांना मध्येच डुलकी लागली.

वरच्या वहिनींच्या नजरेतून काहीच सुटत नसे. कप विसळतानाचा आवाज ऐकून त्या जिन्यावरून वाकल्या आणि कुजबुजल्या, "काकू, काकांमध्ये बराच फरक पडलाय हो!"

काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत काका एका कपाचा कान हातात धरून उभे होते. कप कुठे गेला ते शोधत होते.

"पडलाय की," काकू म्हणाल्या. "एक सेंटिमीटर."